वळणाचे वजन

(नाशिक येथील एका व्याख्यानाचे शब्दांकन)

ओझर, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यातील द्राक्षबागांत काम करणाऱ्या माणसाला लढाऊ विमानाचे अप्रूप उरलेले नाही. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला, तेव्हापासून येथील पिढ्यांनी डोक्यावरून मिग जाताना पाहिले, नंतर सुखोई पाहिले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथेच सिद्ध झालेले पहिले तेजस मार्क-१ए संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत झेपावलेलेही पाहिले. विमान धावपट्टी सोडते, चढते, एका अंगावर कलते आणि मोठे वळण घेऊन दृष्टीआड होते. खालून पाहणाऱ्याला ते वळण येवल्याच्या पतंगाने संक्रांतीच्या दिवशी घ्यावे तितके सहज वाटते. त्या काही सेकंदांत विमानात बसलेल्या माणसाच्या देहावर आणि विमानाच्या सांगाड्यावर काय गुदरते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. लढाऊ विमानाचा वेग प्रचंड असतो म्हणून वैमानिकाला त्रास होतो, असे पुष्कळांना वाटते. वेगाने कोणालाही त्रास होत नाही. मुंबईहून दिल्लीला जाणारे प्रवासी विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने उडत असते आणि आतील प्रवाशाच्या पेल्यातील चहा हिंदकळतही नाही. आपली पृथ्वी तर सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावत आहे. आपल्यापैकी कोणाला त्याची जाणीव होते? देहाला जाणवतो तो वेगातील बदल. हा बदल दोन प्रकारांनी होतो. वेग वाढतो वा घटतो, हा एक प्रकार; वेग तोच राहतो पण दिशा पालटते, हा दुसरा. बस चालकाने एकाएकी गतिरोधक दाबला की आपण पुढे फेकले जातो, हा पहिला अनुभव. कसारा घाटातील वळणावर आपण शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो, हा दुसरा. न्यूटनच्या गतिविषयक नियमांना हे दोन्ही सारखेच. सरळ रेषेत जाणे हा प्रत्येक वस्तूचा स्वभाव आहे. तिला वळवायचे तर कोणीतरी तिला वळणाच्या केंद्राकडे सतत ढकलत राहिले पाहिजे. या ढकलण्याला शालेय पुस्तकांत अभिकेंद्री बल म्हणतात.

हे बल किती लागेल, याचा हिशेब सोपा असला तरी त्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वेगाचा वर्ग करावा आणि वळणाच्या त्रिज्येने भागावे. वेग दुप्पट झाला तर बल चौपट लागते. वळण निम्म्याने आवळले तर दुप्पट. म्हणूनच पृथ्वीचा वेग अफाट असूनही तिच्या कक्षेची त्रिज्या पंधरा कोटी किलोमीटर असल्याने ते वळण आपल्या लेखी नसल्यासारखेच आहे. नवरात्रात नाशिकला कालिकेच्या यात्रेत किंवा अन्य जत्रांत ‘मौत का कुआ’ पाहिलेला असेल. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकलस्वार गरगर फिरतो आणि खाली पडत नाही. विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि वेग ताशी चाळीस किलोमीटर धरला, तर ती भिंत त्या स्वाराला त्याच्या वजनाच्या अडीचपट बलाने आत ढकलत असते. चाके भिंतीवर इतकी घट्ट दाबली जातात की घर्षणाच्या आधारे तो तेथे टिकून राहतो. मोटारसायकल जुनी, भिंत करकरणारी आणि स्वार विमा नसलेला. तरीही भौतिकशास्त्र तेच, जे सुखोईच्या वैमानिकाला लागू पडते.

या बलाचे माप सांगण्यासाठी ‘जी’ हे एकक वापरतात. पृथ्वीच्या आकर्षणाने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटरने वाढतो. या गुरुत्वत्वरणाचे चिन्ह ‘जी’ आहे. आपण खुर्चीवर स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा आपण १ जी सोसत असतो. विमानात ९ जी निर्माण झाले म्हणजे ७० किलोच्या माणसाचे वजन ६३० किलो झाल्यासारखे त्याला वाटते. वृत्तपत्रांतून कधी कधी ‘गुरुत्वाकर्षण नऊपट झाले’ असे छापून येते. ते चूक आहे. गुरुत्वाकर्षण होते तेवढेच असते. ज्याला आपण वजन म्हणून अनुभवतो, ते पृथ्वीचे ओढणे नसून आसनाचे वर ढकलणे असते. आसन नऊपट जोराने ढकलू लागले की आपण नऊपट जड होतो आणि आसनाने ढकलणे सोडले की वजनरहित होतो. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या उंचीवर पृथ्वीचे आकर्षण येथल्या सुमारे नव्वद टक्के असते. तरीही अंतराळवीर तेथे तरंगतात, याचे कारण हेच.

आता विमानाकडे वळू. रस्त्यावरील गाडीला वळवण्यासाठी रस्त्याचे घर्षण असते. हवेत असा आधार कोठला? विमानाजवळ मोठे बल एकच, पंखांनी हवेतून मिळवलेली उचल. ही उचल पंखांना लंब असते. विमान सरळ उडत असताना ती थेट वरच्या दिशेने असते आणि वजन तोलते. वैमानिक विमान एका अंगावर कलवतो तेव्हा तीच उचल तिरपी होते. तिचा एक भाग वजन तोलत राहतो, दुसरा भाग विमानाला आडवा ओढून वळवतो. मात्र उचलीचा काही भाग आडव्या कामाला लागल्याने उंची टिकवायची असेल तर एकूण उचल वाढवावी लागते. त्यासाठी वैमानिक दांडा स्वतःकडे ओढतो. म्हणूनच हवाई दलाच्या बोलीत ‘जी ओढणे’ असा शब्दप्रयोग आहे.

ही वाढ सुरुवातीला अगदी साळसूद असते. प्रवासी विमान साधारणतः ३० अंशांपलीकडे कलत नाही. तेवढ्या कलण्याला १.१५ जी लागतात आणि साठ किलोच्या प्रवाशाचे वजन एकोणसत्तर होते. बहुतेकांना ते कळतही नाही. ४५ अंशांवर १.४, ६० अंशांवर बरोबर दुप्पट. पुढे मात्र गणित अंगावर येते. ७५ अंशांवर जवळजवळ ४ जी, ८० अंशांवर पावणेसहा, ८४ अंशांवर साडेनऊ. साठ ते पंचाहत्तर या पंधरा अंशांत जेवढे ओझे वाढत नाही, त्याहून कितीतरी अधिक ते शेवटच्या चार अंशांत वाढते.

ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५० मीटर, वेगाने उडणारे विमान २ जी मध्ये वळले तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या जवळजवळ पावणेचार किलोमीटर होते. ४ जी मध्ये ती सुमारे १,६५० मीटर आणि ९ जी मध्ये सातशे मीटरच्या थोडी वर. पूर्ण प्रदक्षिणेला ९ जी मध्ये १८ सेकंद लागतात, तर ४ जी मध्ये ४१. दोन विमाने एकमेकांच्या पाठीमागे लागण्याची धडपड करत असताना हा तेवीस सेकंदांचा फरक म्हणजे कोण कोणाच्या शेपटाशी पोहोचणार याचा निर्णय असतो.

श्रीनगरच्या आकाशात १४ डिसेंबर १९७१ रोजी हेच घडले. पाकिस्तानी सेबर विमाने धावपट्टीवर बॉम्ब टाकत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखाँ यांनी आपले छोटेसे नॅट विमान उडवले आणि डोंगरांच्या कुशीत, कमी उंचीवर, एकट्याने अनेक सेबरांशी वळणांची झुंज दिली. त्यांना वीरमरण आले. हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. शौर्याचे वर्णन करताना त्या झुंजीतील शारीरिक बाजू सहसा सांगितली जात नाही. अशा लढतीत मान वळवून मागे पाहावे लागते, आणि तेही मस्तकाचे वजन कित्येक पटींनी वाढलेले असताना.

हे वजन किती, ते पाहा. माणसाचे मस्तक साधारण पाच किलोचे आणि शिरस्त्राण, मुखवट्यासह, दोन किलोच्या आसपास. ९ जी मध्ये मानेवर साठ किलोंहून अधिक भार येतो. हाताचे चार किलो असतील तर ते छत्तीस होतात. एखादी कळ दाबण्यासाठी हात उचलणे अशक्यप्राय. म्हणून आधुनिक विमानात आवश्यक त्या बहुतेक कळा दांड्यावर आणि इंजिनाच्या तरफेवरच असतात. वैमानिकाच्या बोटांना जागा सोडावीच लागत नाही. मानदुखी आणि पाठदुखी हे या व्यवसायाचे नित्याचे सोबती आहेत. उड्डाणानंतर हातापायांच्या त्वचेवर गोवरासारखे बारीक लाल ठिपके उठलेलेही दिसतात, कारण दाबाने सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात.

तरीही खरा प्रश्न हाडांचा वा स्नायूंचा नाही, तो रक्ताचा आहे. हृदय आणि मेंदू यांच्यात बसलेल्या माणसाच्या देहात सुमारे तीस सेंटिमीटरचे अंतर असते. हृदयाला प्रत्येक ठोक्यागणिक रक्त तेवढे वर चढवावे लागते. घरोघरी रक्तदाबाचे यंत्र आल्यामुळे ‘१२० वर ८०’ हे आकडे आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यातील १२० हा हृदयाच्या पातळीवरचा दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला. तीस सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ चढवताना १ जी मध्ये त्यातील सुमारे २३ खर्ची पडतात. मेंदूशी ९७ पोहोचतात. २ जी मध्ये रक्तच दुप्पट जड झालेले असते, म्हणून ४६ खर्ची पडतात. ३ जी ला ६९, ४ जी ला ९२. ५ जी ला ११५, म्हणजे मेंदूशी जवळपास काहीच उरत नाही. यावर हृदय काही सेकंदांनी आपला दाब वाढवते खरे. पण लढाऊ विमान एक-दोन सेकंदांत १ जी वरून ९ जी वर जाऊ शकते, आणि देहाची ती प्रतिक्रिया येईपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते.

मेंदूच्या आधी डोळे सूचना देतात. नेत्रगोलाच्या आत स्वतःचा थोडा दाब असतो आणि तेथे रक्त शिरण्यासाठी त्यावर मात करावी लागते. त्यामुळे मेंदूला रक्त पोहोचत असतानाच डोळ्यांचे कमी पडू लागते. प्रथम रंग फिके होतात, मग कडेचे दिसेनासे होऊन बोगद्यातून पाहिल्याप्रमाणे केवळ समोरचा तुकडा उरतो, मग काळोख. काळोख झाला तरी माणूस शुद्धीवर असतो. ऐकू शकतो, दांडा सैल करू शकतो. जी-बल सावकाश वाढले तर ही पायरीपायरीची सूचना मिळते. ते झटक्यात वाढले तर सूचनेविनाच शुद्ध हरपते. मेंदूपाशी प्राणवायूचा साठा चार ते सहा सेकंदांपुरताच असतो आणि तो संपेपर्यंत वैमानिकाला सारे काही ठीक वाटत राहते. या संकटातील सर्वात घातक गोष्ट ही आहे.

शुद्ध गेल्यावर हात सैल पडतो, दांडा सुटतो, जी-बल आपोआप उतरते आणि रक्त पुन्हा मेंदूकडे जाते. तरी माणूस लगेच भानावर येत नाही. सरासरी बारा सेकंद तो पूर्ण बेशुद्ध असतो आणि पुढची तितकीच सेकंदे गोंधळलेला, हातापायांना झटके येत असलेला. अनेकांना आपण बेशुद्ध झालो होतो हे नंतर आठवतही नाही. सेकंदाला २५० मीटर वेगाने चोवीस सेकंदांत विमान सहा किलोमीटर जाते. त्याचे नाक जमिनीकडे वळलेले असेल तर पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. अमेरिकेने आपल्या एफ-१६ विमानांत अशा वेळी संगणकानेच विमान सावरून वर न्यावे अशी योजना २०१४ पासून बसवली. २०१६ साली एक शिकाऊ वैमानिक ८ जी पलीकडच्या वळणात बेशुद्ध झाला असताना त्या योजनेने त्याला वाचवले.

यावर उपाय कोणते? एक पोशाखाचा. पोट, मांड्या आणि पोटऱ्यांभोवती हवेच्या पिशव्या असलेला जी-पोशाख वैमानिक घालतो. जी-बल वाढले की विमानातील झडप त्या पिशव्यांत हवा भरते आणि त्या रक्ताला खाली साचू देत नाहीत. कॅनडातील टोरंटोचे विल्बर फ्रँक्स यांनी दुसऱ्या महायुद्धात असा पहिला पोशाख सिद्ध केला, तेव्हा तो पाण्याने भरलेला होता. या पोशाखाने साधारण एक ते दीड जी ची भर पडते. महत्त्वाची वस्तू, पण पुरेशी नाही.

उरलेला सारा भार माणसाने स्वतः उचलायचा असतो. वळणाच्या आधीच तो पाय, नितंब आणि पोट यांचे स्नायू दगडासारखे आवळतो, छाती भरून श्वास घेतो, तो कोंडून धरतो आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात सोडून पुन्हा घेतो. कोंडलेल्या श्वासामुळे छातीतील दाब वाढतो व तो रक्ताला वर रेटतो. ही क्रिया नीट साधली तर तीन जी किंवा अधिक भर पडते. एका श्वासाची लय चुकली तर ती भर निघून जाते. शत्रूचा माग, शस्त्रांची सिद्धता, सहकाऱ्याशी संभाषण हे सारे करताना ही लय राखायची असते. आपल्याकडे प्राणायामात कुंभकाची साधना आहे. तिचा हेतू चित्त शांत करण्याचा आणि या क्रियेचा हेतू निव्वळ रक्त वर रेटण्याचा. दोन्हींची गल्लत करण्याचे कारण नाही, पण श्वास हातात असल्यावाचून काही साधत नाही, एवढे साम्य खचित आहे. झोप अपुरी असेल, जेवण चुकले असेल, अंगात पाणी कमी असेल तर सहनशक्ती लक्षणीय घटते. निर्जळी उपवास आणि लढाऊ उड्डाण यांचे जमत नाही.

हे शिक्षण जमिनीवरच दिले जाते. बंगळुरूच्या हवाई वैद्यकीय संस्थेत लांब भुजेच्या टोकाला कुपी जोडलेले सेंट्रिफ्यूज आहे. भुजा फिरू लागली की कुपीतील वैमानिक ‘मौत का कुआ’तील स्वाराप्रमाणे बाहेरच्या भिंतीवर दाबला जातो; डॉक्टर त्याचा चेहरा, नाडी आणि श्वास पाहत असतात. तेथे शुद्ध हरपली तर यंत्र थांबते आणि माणूस शिकून घरी जातो.

या क्षेत्रात धिप्पाड देहाचा फारसा उपयोग नाही. हृदयापासून मेंदूपर्यंतचे अंतर जेवढे कमी तेवढे बरे. बुटका, बळकट बांध्याचा माणूस येथे फायद्यात असतो. स्त्रियांना हे झेपेल का, हा प्रश्न जगभर पुष्कळ दिवस विचारला गेला. चाचण्यांनी उत्तर दिले की स्त्री-पुरुषांच्या सहनशक्तीत म्हणण्यासारखा भेद नाही. आपल्या हवाई दलात अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी २०१६ साली लढाऊ वैमानिक झाल्या आणि २०२३ मध्ये जपानमधील संयुक्त सरावात अवनी चतुर्वेदी सुखोई-३० घेऊन सहभागी झाल्या. त्याआधी, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, आपल्या जळगावच्या कन्या आणि तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केले. अंगात जी-पोशाख घातलेल्या त्यांच्या छायाचित्राचे महाराष्ट्रात मोठे कौतुक झाले. २००६ साली त्याच तळावरून डॉ. अब्दुल कलामही असेच झेपावले होते. अर्थात अशा उड्डाणांत ९ जी ओढत नसतात.

दोन आसनांच्या विमानात मागे बसणाऱ्याची स्थिती चालकाहून कठीण असते. दांडा समोरच्याच्या हाती. वळण केव्हा येणार हे त्याला ठाऊक असते आणि तो आधीच अंग आवळून बसतो. मागचा माणूस मान खाली घालून रडारचा पडदा पाहत असताना एकाएकी आसनात दाबला जातो. घाटात गाडी चालवणाऱ्याला मळमळत नाही, शेजारच्याला मळमळते, त्यातलाच हा प्रकार, पण परिणाम अधिक गंभीर. म्हणून चांगला वैमानिक वळणापूर्वी एका शब्दाने मागच्याला सावध करतो.

बलाच्या दिशेलाही महत्त्व आहे. आतापर्यंत सांगितले ते मस्तकाकडून पायांकडे रक्त ढकलणारे. वैमानिकाने दांडा पुढे लोटला तर उलटे घडते. रक्त मस्तकात चढते, डोळे तारवटतात, आणि हे देहाला फारच कमी सोसते. उणे ३ जी च्या सुमारास मर्यादा येते. याउलट बल छातीकडून पाठीकडे असेल तर रक्ताचा स्तंभच आडवा पडतो आणि माणूस पुष्कळ अधिक सहन करतो. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर निजलेले असतात, ते याच कारणास्तव. अमेरिकेतील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी अग्निबाणाच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतले. ताशी हजार किलोमीटरवरून ती गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. क्षणभर ४६ जी सोसून ते जिवंत राहिले. डोळ्यांत रक्त उतरले होते, तेही निवळले.

हवाई कसरती पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जे दृश्य सर्वात भयंकर दिसते, ते सर्वात जड असतेच असे नाही. सुखोई-३० एमकेआय आपल्या इंजिनांच्या झोताची दिशा पालटून हवेत जणू जागच्या जागी गिरकी घेते. श्रोत्यांचे श्वास रोखले जातात. पण तेथे वेग अल्प असतो, आणि वेगाचा वर्ग त्याहून अल्प, म्हणून वैमानिकावरील ओझे माफक असते. त्याच विमानाने वेगात येऊन घेतलेले एक साधे वळण, ज्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहतही नाही, त्याच्या मानेचा घाम काढते.

माणसाच्या देहाप्रमाणे यंत्राच्या देहावरही हे ओझे पडते, आणि येथे नाशिकचा थेट संबंध येतो. मिग-२१ च्या निर्मितीचा रशियाशी करार १९६२ सालचा. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि मिगच्या सांगाड्याचा कारखाना ओझरच्या माळावर आला. इंजिने ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. येथील फिटर, रिव्हेटर, तपासनीस अशा माणसांच्या हातांतून शेकडो मिग बाहेर पडले. मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये आणि मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवानिवृत्त झाले. २००४ पासून येथे बांधलेल्या सुखोई-३० विमानांची मागणी २२२ ची होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी बारांचा करार झाला.

पंचवीस टनांचे विमान ९ जी मध्ये वळते तेव्हा त्याचे पंख सव्वादोनशे टन उचलत असतात. (पूर्ण शस्त्रभार असताना ९ जी ची मुभा नसते, ती मर्यादा हलक्या स्थितीची आहे.) संरचनेच्या शास्त्रात दोन मर्यादा मानतात. नेहमीच्या वापरातील कमाल भार ही एक. तो उतरल्यावर सांगाड्याला कायमचा बाक राहता कामा नये. त्याच्या दीडपट भार ही दुसरी; तेथपर्यंत तो मोडता कामा नये. प्रवासी विमानासाठी पहिली मर्यादा २.५ जी असते. अधिक मजबुती का ठेवत नाहीत, असे कोणी विचारील. मजबुती म्हणजे धातू, धातू म्हणजे वजन, आणि वजन वाढले की वळण रुंदावते. शिवाय वळणात पंखांची उचल नऊपट झाली की त्या उचलीपायी होणारा हवेचा रोध एक्क्याऐंशी पट होतो. मिग-२१ चे छोटे त्रिकोणी पंख सरळ वेगासाठी उत्तम होते, पण कडक वळणात ते विमान झपाट्याने वेग गमावत असे. त्याच्या वैमानिकांना हा हिशेब सदैव मनात ठेवावा लागला.

एका वळणाने विमान मोडत नाही. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुनःपुन्हा वाकवली की तुटते. धातूचा हा थकवा वळणागणिक साठत जातो. ताण दुप्पट झाला तर झीज कित्येक पटींनी वाढते. एक तास संथ उडालेले आणि एक तास झुंजीच्या सरावात काढलेले अशी दोन विमाने घड्याळाच्या हिशेबाने समवयस्क असतात, प्रत्यक्षात नसतात. म्हणून विमानातील उपकरण कोणत्या जी पर्यंत किती वेळा मजल गेली, याची नोंद ठेवते. ठरलेली मर्यादा ओलांडली गेली असेल तर उतरल्यावर वैमानिकाने ते सांगायचे असते आणि पुढच्या उड्डाणापूर्वी सांगाड्याची तपासणी व्हायची असते. वैमानिकाने ते लपवले तर किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते.

ओझरलाच हवाई दलाचा ११ क्रमांकाचा दुरुस्ती डेपो आहे. मिग-२९ आणि सुखोई-३० यांची संपूर्ण दुरुस्ती येथे होते. सर्वांगीण दुरुस्ती झालेले पहिले सुखोई-३० येथून २०१८ साली हवाई दलाकडे परत गेले. विमान आले की ते खिळखिळे करून मांडले जाते. पंख जेथे धडाला मिळतात ते जोड, भार वाहणाऱ्या चौकटी, रिव्हेटांची भोके, जेथे जेथे ताण एकवटतो तेथे तेथे क्ष-किरण, ध्वनिलहरी, विद्युत्प्रवाहाची तपासणी चालते. केसासारखी भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती सापडली की भाग बदलतात, नोंद करतात, दुसरा माणूस ती नोंद पडताळतो. सारे पुन्हा जुळले की चाचणी-वैमानिक जी-पोशाख चढवून ते विमान वर नेतो आणि पायरीपायरीने जी ओढून पाहतो. उतरल्यावर सांगाड्याचे लोक त्याच्या नोंदी घ्यायला शिडीपाशी उभे असतात.